माणूस समोर बसवून

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. आजवर या मंडळात मी सतरंज्या अंथरल्या, पोहे केले, भजनात टाळ धरला. पण उभे राहून बोलण्याची पाळी आज पहिल्यांदाच आली आहे. कार्यवाहबाईंनी सांगितले की, विषय तुमचा तुम्ही निवडा. मी पुष्कळ विचार केला. लोणची-पापड तुम्हांला माझ्याहून चांगले येतात. तेव्हा या वर्षात जी एक नवी गोष्ट मी शिकले, तीच सांगते. जिवंत माणूस समोर बसवून त्याचे चित्र कसे काढावे, आणि ते शिकताना मला काय उमगले, हा माझा विषय आहे.

काहीजणी हसल्या, हे मी पाहिले. हसावे. पण हा विषय मी मुद्दामच घेतला आहे. माझी थोरली लेक चित्रकला शिकावयास शहरात आहे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तिच्या वर्गात माणसाला समोर बसवून चित्रे काढतात, ही बातमी गेल्या वर्षी गावात आली, आणि येता येता वाटेत पुष्कळ वाढली. "बाया बसवतात म्हणे, आणि कशा बसवतात देव जाणे!" एक चांगले स्थळ चालून आले होते, तेही याच बोलण्यावरून मागे फिरले. मी आज कोणाला बोल लावण्यासाठी उभी नाही. कारण ती कुजबूज ऐकून सर्वांत आधी घाबरले ती मीच. मुलीला धड एक प्रश्न न विचारता मी फोनवर सांगून टाकले, "पुरे झालं शिक्षण. सामान घेऊन घरी ये." माझ्या या चुकीपासूनच सांगावयास सुरुवात करते.

मे महिन्यात मुलगी आली. भांडली नाही, रडली नाही. सोबत एक जाड कोरी वही होती. म्हणाली, "आई, सुट्टीत मला रोज दहा माणसं काढायची आहेत. तू नको म्हणालीस, तर पुढच्या वर्षी मी जाणार नाही. पण आधी एकदा तू समोर बस. मग काय ते ठरव."

मी बसले. ओसरीवर पाट टाकला, भिंतीला टेकायचे नाही, हात मांडीवर, नजर तुळशीकडे. वीस मिनिटे हलायचे नाही एवढीच अट. चुलीपाशी उभ्याउभ्या आयुष्य गेलेल्या मला वाटले, वीस मिनिटे म्हणजे काय मोठेसे! पण पाच मिनिटांत नाकाला खाज सुटली. दहा मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. पुढे मान अशी अवघडली की डोळ्यांत पाणी उभे राहिले. वेळ संपली तेव्हा लेकीने हात देऊन मला उठवले आणि आधी पाणी आणून दिले. म्हणाली, "आमच्या वर्गात एक आजी बसायला येतात. त्यांना आम्ही असंच आधी पाणी देतो, मग चित्राकडे बघतो." त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की, बसणे हे काम आहे. आपण समजत होतो तशी ती कोणाची मजा नव्हे.

मग तिने माझ्या हातात पेन्सिल दिली आणि स्वतः पाटावर बसली. "आता तू काढ." मी म्हटले, "मला रांगोळीपलीकडे काही येत नाही." "रांगोळी येते ना? मग रेघ येते."

मी काढले. माझा धाकटा मुलगा पाहून म्हणाला, "आई, बुजगावणं छान जमलंय." खरोखरच तसे ते होते. डोके घागरीएवढे, डोळे कपाळात, हात लाटण्यासारखे सरळ. लेकीने मात्र हसून सोडून दिले नाही. तिने सांगितले ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाली, "आई, तू माझ्याकडे पाहिलंसच नाही. तुझ्या मनात एक बाई ठरलेली आहे, ती काढलीस. डोळे महत्त्वाचे म्हणून मोठे केलेस. मी मांडी घालून बसले आहे, माझी मांडी तुला समोरून आखूड दिसते आहे. पण पाय लांब असतात हे तुला ठाऊक, म्हणून लांब काढलेस. ठाऊक आहे ते काढायचं नाही, दिसतं ते काढायचं."

भगिनींनो, आता ही विद्या थोडक्यात सांगते, म्हणजे घरी जाऊन कोणालाही करून पाहता येईल.

पहिली गोष्ट माप. पेन्सिल धरून हात ताठ लांब करावा, एक डोळा मिटावा, आणि समोरच्या माणसाचे डोके पेन्सिलीवर अंगठ्याने मोजावे. मग तेच माप खाली उतरत न्यावे. उभे माणूस आपल्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. लहान मूल चारपाच पटच भरते; म्हणून मुलाला मोठ्याचे माप लावले की ते मूल न दिसता ठेंगू माणूस दिसते. डोळे डोक्याच्या अगदी मध्यावर असतात. आपण कपाळ आणि केस विसरतो, म्हणून ते वर चढवतो. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंत पुरतो. आताच्या आता लावून पाहा. आणि दोन्ही हात पसरले की जी वाव होते, तिने आपण विहिरीचा दोर मोजतो. माणसाची उंची जवळजवळ त्या वावेइतकीच असते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे ऐकून म्हणाल्या, "यात नवं काय? हात, वीत, अंगुळ हे सगळं अंगावरचंच तर आहे." खरेच आहे. आपल्या जुन्या शिल्पशास्त्रात बारा अंगुळांचा एक ताल धरला आहे आणि चेहरा एक तालाचा मानला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार सांगून त्यांची उंचीही दिली आहे. हंस १०८ अंगुळे, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९०. म्हणजे माणूस मोजून काढण्याची रीत परदेशातून आलेली नाही. ती आपल्याच घरची आहे, आपण विसरलो इतकेच.

दुसरी गोष्ट भार. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तसा मनाने माणसाला ओळंबा लावावा. माणूस एका पायावर भार देऊन उभे असेल, तर गळ्याच्या खाचेतून सोडलेला ओळंबा साधारण त्याच पायाच्या घोट्याशी येतो. ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, आणि तोल सांभाळण्यासाठी त्या बाजूचा खांदा खाली येतो. नळावर पाळीची वाट पाहत उभ्या असलेल्या बायकांकडे एकदा या नजरेने पाहा. सरळ खांबासारखी एकही उभी नसते.

हे समजल्यावर लेकीने मला बीडला कंकाळेश्वराच्या देवळात नेले. पाण्यात उभे असलेले ते देऊळ मी अनेकदा पाहिले होते. पण दर्शन घ्यावे, प्रदक्षिणा घालावी आणि बस गाठावी, एवढेच. या वेळी बाहेरच्या भिंतीवरील मूर्तींपाशी तासभर थांबले. त्या दगडातील बायकांची कंबर, खांदा, मान, सारे त्याच नियमाने वळलेले. अजिंठ्याच्या भिंतींवर रंगात हेच आहे. ज्या कारागिरांनी हे केले, त्यांनी कोणीतरी जिवंत बाई नीट, आदराने आणि पुष्कळ वेळ पाहिली असली पाहिजे, असे मला तेथे वाटले.

तिसरी गोष्ट मोकळ्या जागेची. बाईने कंबरेवर हात ठेवला की हात आणि कंबर यांच्यामध्ये एक खिडकी पडते. हात काढण्याच्या भानगडीत न पडता आधी ती खिडकी काढावी. हात आपोआप जागेवर येतो. मला ही युक्ती सर्वांत सोपी गेली. रांगोळीत आपण ठिपक्यांमधली जागा पाहतोच की!

चौथी गोष्ट वेळ. सुरुवातीला एका माणसाला दोनच मिनिटे द्यावीत. नाक, डोळे, पदराची नक्षी काही काढू नये. वाकले कसे, वळले कसे, एवढेच पकडावे. दोन मिनिटांची पन्नास चित्रे झाली की वीस मिनिटांचे एक हाती घ्यावे. यासाठी कपिलधारसारखी जागा नाही. मन्मथ माउलींच्या समाधीपाशी जप करीत बसलेल्या बाया, पायरीवर टेकलेले म्हातारे, मुलाला कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या सुना. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत तर वही अपुरी पडेल. पण एक अट लेकीने मला घातली आणि ती मी तुम्हांलाही घालते. ओळखू येईल असे चित्र काढायचे तर आधी विचारावे. नको म्हटले की वही मिटावी. हल्ली कोणीही कोणावरही मोबाईल रोखतो. त्यापेक्षा चित्रकाराची ही रीत मला सभ्य वाटली.

आता ज्या गोष्टीसाठी तुम्ही थांबला आहात, तिच्याकडे येते. मीही लेकीला दळता दळता विचारलेच, "तुमच्याकडे कपडे काढून बसवतात का गं?" ती म्हणाली, "आमच्या वर्गात आजवर लुगड्यातल्या आजीच बसल्या. पण मोठ्या कलाशाळांत वरच्या वर्गांना तसंही शिकवतात, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही." मग तिने मला हकीकत सांगितली. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली. आरंभी मुले पाश्चात्त्य पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवून शिकत. १९१९ च्या सुमारास कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन हे तेथे प्रमुख असताना जिवंत माणसावरून शिकण्याचा वर्ग नीट उभा राहिला. लुगड्याची घडी कोठे पडते हे आतल्या हाडावर आणि मांसावर ठरते. ते पाहिले नाही, तर चित्रातले लुगडे दांडीवर वाळत घातल्यासारखे दिसते. डॉक्टर अंगाकडे पाहतो ते आजार कळावा म्हणून. चित्रकार पाहतो ते घडण कळावी म्हणून. असे वर्ग चालतात तेथे बाहेरच्याला आत येऊ देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत, बसणाऱ्या बाईला आडोसा असतो, विसावा असतो, मोबदला असतो.

तो मोबदला घेणाऱ्या बायका कोण असतात? तुमच्या-माझ्यासारख्याच. संसाराचा भार एकटीवर पडला आणि दुसरे काम हाती नाही, अशा. रवी जाधव यांचा 'न्यूड' नावाचा मराठी चित्रपट २०१८ साली आला, तो अशाच एका आईवर आहे. मुलाच्या शिक्षणासाठी ती हे काम करते आणि त्याच्यापासूनच लपवते. आदल्या वर्षी गोव्याच्या महोत्सवातून तो वगळला होता, त्यावरून वादही झाला. लेकीने मला तो मोबाईलवर दाखवला. पाहून मला माझ्याच फोनवरच्या बोलण्याची लाज वाटली. चित्र भिंतीवर लागते, चित्रकाराचे नाव खाली लागते; आणि जिने मान अवघडून घेतली तिचे नाव कोठेच नसते. असे हे काम आहे.

बायकांनी ही विद्या शिकावी की नाही, हा वादही आपल्या गावात पहिल्यांदा निघालेला नाही. लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली स्थापन झाली. संस्थापकांत मेरी मोझर आणि अँजेलिका कॉफमन या दोन स्त्रिया होत्या. काही वर्षांत झोफनी नावाच्या चित्रकाराने सभासदांचे एक चित्र काढले. त्यात पुरुष सभासद समोरच्या मॉडेलभोवती उभे आहेत, आणि या दोघी कोठे आहेत? भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत! स्त्रियांना त्या खोलीत जाण्याची मुभाच नव्हती. पुढे तेथील विद्यार्थिनींना अंगावर वस्त्र घेतलेल्या मॉडेलवरून शिकण्याची परवानगी मिळाली ती १८९३ साली. म्हणजे सव्वाशे वर्षे गेली. आपल्याकडे रावबहादुर धुरंधर जे. जे. मध्ये शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर हिने बापाच्या पाठिंब्याने तेथील पदविका मिळवली. ती मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. एका बापाला शंभर वर्षांपूर्वी जे जमले, ते मला आज जमू नये?

आता घरातल्या दोन गोष्टी सांगून संपवते.

आमच्या गल्लीतील एक बाई दरसाल ऊसतोडीला जाते. कोयत्यावर तिची दहाबारा वर्षे गेली. लेकीने तिला विचारले आणि दुपारभर बसण्याचे अर्ध्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे आधीच हातावर ठेवले. ती बाई पैशांकडे पाहतच राहिली. म्हणाली, "आक्का, बसायचे बी पैसे? आजवर मोळी उचलायचे मिळाले." चित्र झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाहिले. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली होता. मान खांद्यांत रुतली होती. रोज दारावरून जाणारी बाई. आम्हां कोणाला हे दिसले नव्हते. तिने चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मी अशी दिसते?" लेक म्हणाली, "असं काम करता, म्हणून अशा दिसता." तिने ते चित्र मागून घेतले आणि घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यावर धरून घरी नेले.

दुसरी गोष्ट आत्याबाईंची. त्यांचे चित्र मीच काढीत असे, कारण त्या माझ्यासमोर निवांत बसत. जून महिन्यात त्यांना मी तीन वेळा उभे करून काढले. बुजगावण्याच्या वर माझी मजल गेली होती, पण तिन्ही चित्रे मला चुकलेली वाटली. दर वेळी ओळंबा डाव्या पायावरच येई. मी म्हटले, "आत्याबाई, जरा सरळ उभ्या राहा की." त्या म्हणाल्या, "सरळच आहे." मी माझी रेघ खोडणार होते, तेवढ्यात लेकीचे वाक्य आठवले, दिसते ते काढायचे. मी वही खाली ठेवली आणि विचारले, "उजवा पाय दुखतो का तुमचा?" आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. तुमचीच कामं कमी आहेत का, म्हणून बोलले नाही."

बीडला डॉक्टरांना दाखवले. गुडघ्याची झीज निघाली. औषध, व्यायाम आणि हातात काठी, असे आता चालले आहे. रात्रीची झोप लागते. बावीस वर्षे मी त्यांना रोज ताट वाढले; त्यांना मीठ किती लागते हे मला ठाऊक, चहा किती गोड हे ठाऊक. त्या उभ्या कशा राहतात, एवढे मात्र मला पेन्सिल हातात घेतल्यावर दिसले.

लेक जूनअखेर परत शिकावयास गेली. एस. टी. त बसवताना मी तिला एवढेच म्हटले, "त्या आजींना माझा नमस्कार सांग. आणि दिवाळीला येताना त्यांच्यासाठी माझ्याकडून लुगडं घेऊन जा." गेलेले स्थळ गेले. ज्या घरी हे पटेल असे दुसरे येईल. न आले तर ती आपल्या पायावर उभी राहील, आणि भार कोणत्या पायावर द्यावा हे तिला माझ्याहून चांगले कळते.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. महिन्यातून एकदा भजन आटोपल्यावर अर्धा तास आपण वही-पेन्सिल घेऊन बसावे. वही नसेल तर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालेल. पाळीपाळीने एकीने समोर बसावे, बाकीच्यांनी काढावे. चित्र चांगले येते की वाईट, ते पाहू नये. बसणाऱ्या भगिनीला मात्र आधी पाणी द्यावे, आणि त्या दिवशीचे पहिले हळदीकुंकू तिला लावावे. पहिल्या महिन्यात समोर बसावयास मी तयार आहे. आणि उद्या कोणाची लेक म्हणाली की मला चित्रकला शिकायची आहे, तर मी केली ती चूक करू नका. आधी विचारा, आधी पाहा, मग बोला.

तुमच्यातील एकजण माझे बोलणे चालू असताना माझेच चित्र काढीत होती, ते मी पाहिले आहे. ते मला दाखवल्याशिवाय जाऊ नये.